पिशवीतले थेट प्रक्षेपण





मागच्या तिमाहीच्या जमाखर्चात ‘लॅपटॉप व चित्रीकरणाचे जोडसाहित्य’ अशी एक ओळ होती. त्या ओळीबद्दल बऱ्याच जणांनी विचारले. काहींनी उपासनेनंतर चहाच्या वेळी हळूच विचारले, तर एका ज्येष्ठ भगिनींनी सरळ चिठ्ठीच पाठवली. सगळ्यांचा प्रश्न एकच होता : आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, मोबाइलवरून लाइव्ह करता येते, मग आदिवासी सेवाकार्यासाठी दिलेल्या पैशातून लॅपटॉप आणि ती छोटी डबी कशाला? प्रश्न रास्त आहे. ती पिशवी खांद्यावर घेऊन फिरण्याचे काम माझ्याकडे आहे, म्हणून उत्तर द्यायचे कामही माझ्याकडेच आले.

आधी जागा सांगतो, कारण आपल्यातल्या पुष्कळांना वाटते की आदिवासी पाडे म्हटले की डहाणू, जव्हार, मोखाडा. बोरिवली आणि मुलुंड यांच्या मध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याला लागून दक्षिणेला आरे. आरेची दूध वसाहत १९४९ मध्ये उभी राहिली; वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे त्याच्या कितीतरी आधीपासूनचे. नुसत्या आरेत साधारण २७ पाडे असल्याचे सांगितले जाते. अंधेरी स्टेशनवरून रिक्षाने निघाले तर तासाभराच्या आत तिथे पोचता येते. तरी घाटकोपर-मुलुंडच्या आपल्या सभासदांपैकी किती जण कधी तिथे गेले आहेत? दोष देत नाही. गुडघे, जिने, पावसाळ्यातला चिखल, संध्याकाळी बिबट्याची भीती, कारणे खरी आहेत. ज्यांनी वर्षानुवर्षे मदत पाठवली त्यांना तो पाडा, तिथला मेळावा, तिथले आरोग्य शिबिर निदान डोळ्यांनी दिसावे, यासाठी ही पिशवी.

मुंबईला दूरदर्शन आले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या काळी केंद्राबाहेरून काही थेट दाखवायचे तर अख्खी मोटार यायची. कॅमेरे, जाड तारांची भेंडोळी, आत बसलेले तंत्रज्ञ, छतावर अँटेना. घरगुती पातळीवर हे कोणी करील अशी कल्पनाही नव्हती. मग २०२० साल उजाडले. २२ मार्चचा जनता कर्फ्यू, पाठोपाठ टाळेबंदी, आणि १२ एप्रिलचा ईस्टर चर्चची दारे बंद असताना आला. त्या सप्टेंबरात वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा भरली नाही, भाविकांनी मिस्सा घरी पडद्यावर पाहिली. उपनगरांतल्या अनेक मंडळ्या काही आठवड्यांत थेट प्रक्षेपण शिकल्या. ज्यांना ई-मेल उघडता येत नव्हता असे आजोबा रविवारी सकाळी दहाला लिंक मागू लागले. नोव्हेंबरात दारे उघडली, पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली, पुन्हा उघडली, आणि बऱ्याच ठिकाणी ते सामान कपाटात गेले. आमच्या पिशवीचा पाया तेच सामान आहे : एका सभासदाने दिलेला जुना हँडीकॅम, दोन माइक, एक ट्रायपॉड. भर पडली ती लॅपटॉपची आणि डबीची.

आता मोबाइलचे. चांगल्या मोबाइलचे चित्र आमच्या हँडीकॅमपेक्षा वाईट नसते, उलट अंधारात सरसच असते. पण पहिली अडचण नियमाचीच. यूट्यूबवर मोबाइलच्या अॅपमधून थेट प्रक्षेपण करायला वाहिनीचे निदान ५० सदस्य लागतात. संगणकावरून करताना ही अट नाही. नवी वाहिनी असेल तर एकदा फोन नंबर पडताळून थेट प्रक्षेपणाची परवानगी सुरू करावी लागते आणि तिला चोवीस तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून हे काम कार्यक्रमाच्या सकाळी करायचे नसते. दुसरी अडचण : कार्यक्रम दोन तास चालतो, मोबाइल तापतो, मध्येच कोणाचा तरी फोन येतो. तिसरी अडचण मात्र मला सर्वांत मोठी वाटते, ती आवाजाची.

तारपा ऐकला आहे का? वाळवलेला भोपळा, त्याला बसवलेल्या बांबूच्या नळ्या, मेणाने बुजवलेल्या फटी आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो, त्यामुळे सूर अखंड वाहतो, मध्ये थांबा नसतो. आणि इथेच मोबाइल गोंधळतो. मोबाइलवरची बोलण्याची आणि व्हिडिओ कॉलची व्यवस्था माणसाच्या बोलण्यासाठी केलेली असते. बोलणे थांबत थांबत येते; पंख्याची घरघर, गाडीचे इंजिन न थांबता येते. म्हणून जे न थांबता येते ते ‘गोंगाट’ समजून दाबायचे, असा तिचा साधा हिशेब. तारप्याचा सूर त्या हिशेबात पंख्याच्या पंगतीला जाऊन बसतो. ऐकणाऱ्याला तो तुटक तुटक, पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो, नाचणाऱ्यांच्या पायांचा आवाज तेवढा राहतो. ज्या समाजाची आपण ओळख करून द्यायला निघालो, त्याचे वाद्यच गोंगाट म्हणून पुसले जावे, हे काही बरे नाही.

लॅपटॉपवर ही निवड आपल्या हाती राहते. माइक एका छोट्या मिक्सरला, मिक्सर यूएसबीने लॅपटॉपला. लॅपटॉपवर ओबीएस नावाचा कार्यक्रम असतो. तो फुकट आहे, २०१२ पासून लोकांनी मिळून वाढवलेला आहे, आणि जगभरच्या चर्चमध्ये, शाळांत, खेळांच्या मैदानांवर वापरला जातो. त्यात गोंगाट दाबण्याची सोय आहे, पण ती माइकागणिक लावता किंवा काढता येते. निवेदकाच्या माइकवर ती चालू ठेवतो, तारप्यासमोरच्या माइकवर बंद. ढोल असेल तर तो माइक आणखी लांब. आवाजाची पट्टी हिरव्या-पिवळ्यात राहिली पाहिजे. लाल झाली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज मागाहून शिवता येत नाही. चित्र थोडे धूसर असले तरी लोक बघत राहतात, आवाज खराब असला तर दोन मिनिटांत उठतात. हा माझा अनुभव आहे, आणि खरेदी करताना कॅमेऱ्याआधी माइकवर पैसे घालावेत असे मी प्रत्येकाला सांगतो.

आता ती डबी, जिच्यासाठी एवढी चर्चा झाली. तिला कॅप्चर कार्ड म्हणतात, आकाराने काड्यापेटीएवढी. कॅमेऱ्यातून चित्र बाहेर येते ते एचडीएमआय तारेने, जशी टीव्हीला लावतो तशीच. लॅपटॉपलाही एचडीएमआयचे भोक असते, म्हणून पुष्कळांना वाटते की तार सरळ तिथे लावली की झाले. पण ते भोक बाहेर जाण्याचे आहे, आत येण्याचे नाही. लॅपटॉप त्यातून चित्र देतो, घेत नाही. डबी हे उलटे काम करते : कॅमेऱ्याचे चित्र घेते आणि यूएसबीतून लॅपटॉपला असे देते की लॅपटॉपला वाटावे साधा वेबकॅमच जोडला आहे. त्यामुळे वेगळे सॉफ्टवेअर घालावे लागत नाही.

लॅमिंग्टन रोडला हजार-पंधराशेत मिळते ती डबी आणि तिच्या कितीतरी पट किमतीची डबी यांत फरक काय, हेही विचारले गेले. थोडे गणित करू. पूर्ण एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण वीस लाखांहून अधिक. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट आणि सेकंदाला ३० चित्रे धरली तर सेकंदाला सुमारे १२.४ कोटी बाइट होतात, म्हणजे जवळजवळ एक गिगाबिट. जुन्या पद्धतीच्या यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट. एवढे पाणी त्या नळातून जात नाही, म्हणून स्वस्त डबी प्रत्येक चित्र आधी दाबून लहान करते आणि मग पाठवते. बारीक तपशील जातो, रंग जरा फिके पडतात. यूएसबी ३ ची डबी पाच गिगाबिटच्या वाटेने जाते, तिला दाबायची गरज पडत नाही. पण लक्षात घ्या, पुढे इंटरनेटवर आपण सेकंदाला पाठवतो फक्त अडीच मेगाबिट, म्हणजे मूळ चित्राचा चारशेवा भाग. पाड्यावरून मोबाइलच्या नेटवर्कने पाठवताना महागड्या डबीने वाचवलेला तपशील शेवटी वाटेत गळतोच. म्हणून आम्ही स्वस्त घेतली, आणि एकीच्या जागी दोन घेतल्या. एक बिघडली तर दुसरी.

डबी जोडल्यावर दोन गोष्टी बघायच्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारी बॅटरीची खूण, वेळ, लाल ठिपका हे सगळे तारेतूनही बाहेर येते. ते कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन बंद करावे लागते, आणि काही कॅमेऱ्यांत ते बंद होतच नाही, म्हणून विकत घेण्याआधी तपासावे. दुसरी गोष्ट ओठांची. डबीतून येणारे चित्र माइकच्या आवाजापेक्षा सेकंदाचा काही अंश उशिरा पोचते. माणूस बोलतो आणि ओठ नंतर हलतात. उपाय सोपा आहे : कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवायची, रेकॉर्ड करून पाहायचे, आणि ओबीएसमध्ये आवाजाला तेवढाच उशीर लावायचा. पाड्यावर टाळी वाजवण्याचे काम मुले आनंदाने करतात, एकदा सांगितले की थांबत नाहीत.

लॅपटॉपचे खरे काम दाबण्याचे. गिगाबिटचे अडीच मेगाबिट करायचे म्हणजे सलग दोन तास प्रोसेसरला घाम फुटतो. पंखा जोरात फिरू लागला तर चित्र पूर्ण एचडीऐवजी ७२० वर आणावे. आम्ही बहुधा तेच ठेवतो; मोबाइलच्या पडद्यावर बघणाऱ्याला फरक कळत नाही. विजेचाही हिशेब आलाच. लॅपटॉपची बॅटरी नवी असतानाही या कामात दीड तासाच्या वर फारशी जात नाही. २०,००० एमएएचचा पॉवर बँक कागदावर ७४ वॉट-तास देतो, प्रत्यक्षात त्याहून कमी, आणि तो लॅपटॉपला वीज देऊ शकेल अशा टाइप-सीचा असावा लागतो. मोबाइलपुरता पॉवर बँक इथे कुचकामी. पाड्यावर वीज असली तरी एखाद्या घरातून तार ओढून त्यांच्या मीटरवर आपला कार्यक्रम चालवणे मला पटत नाही. ओढलीच तर पैसे देऊन.

नेटवर्क ही मात्र दैवाधीन गोष्ट. बोरिवलीच्या बाजूला झाडी आणि टेकड्या, त्यामुळे एका अंगणात पूर्ण खुणा दिसतात आणि वीस पावलांवर काहीच नाही. लोक वेग मोजतात तो खाली उतरवण्याचा; आपल्याला हवा असतो वर चढवण्याचा, आणि मोबाइल नेटवर्कवर तो नेहमी कितीतरी कमी असतो. अडीच मेगाबिट पाठवायचे तर चाचणीत निदान पाच दिसले पाहिजेत. चाचणीही कार्यक्रमाच्या वेळीच करावी. दुपारी रिकाम्या अंगणात मिळणारा वेग संध्याकाळी तिनशे माणसे आपापले मोबाइल घेऊन जमली की निम्म्यावर येतो. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे दोन फोनांत ठेवतो. एका तासाच्या प्रक्षेपणाला साधारण १.२ जीबी डेटा लागतो. रोज दीड जीबीच्या प्लॅनवर हे चालवले तर सव्वा तासाने, नेमका मुख्य पाहुणा बोलायला उभा राहिल्यावर, वेग गोगलगाईचा होतो. तेव्हा त्या दिवसापुरता वेगळा डेटा पॅक टाकावा.

सगळे मिळून सहा-सात किलो वजन होते. मी घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी आणि तिथून रिक्षा असा जातो. मेट्रोच्या तपासणीत तारांची भेंडोळी बघून दरवेळी पिशवी उघडावी लागते, त्याची दहा मिनिटे धरूनच निघायचे. पावसाळ्यात सामानासोबत ओल शोषणाऱ्या पुड्या आणि दोन मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या.

इथवर यंत्राचे झाले. पण लॅपटॉप घ्यावा असा आग्रह मी कार्यकारिणीपुढे धरला तो यंत्रासाठी नव्हे. मोबाइलवरून लाइव्ह चालू केले की कॅमेऱ्याला जे दिसते ते थेट जगाला दिसते. लॅपटॉपमध्ये कॅमेरा आणि जग यांच्या मध्ये एक माणूस बसलेला असतो.

वसतिगृहातल्या मुलांचेच पाहा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७४ वे कलम काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकांचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र असे काहीही, ज्यावरून ओळख पटेल, प्रसिद्ध करायला मनाई करते. आपल्याकडचे प्रत्येक मूल त्या व्याख्येत बसते असे नाही. पण कोणते बसते हे कॅमेऱ्याला कळत नाही, आणि रांगेत उभ्या चाळीस मुलांपैकी एखादे मूल ज्याच्यापासून लपवून ठेवले आहे तो माणूसही ती लिंक उघडू शकतो. छापलेल्या अंकातून आपण फोटो काढून टाकू शकतो. थेट गेलेले परत येत नाही.

म्हणून ओबीएसमध्ये पहिले दृश्य आम्ही बनवतो ते कॅमेऱ्याचे नसतेच. ते एक स्थिर चित्र असते, वारली शैलीतली वेलबुट्टी आणि ‘थोड्या वेळात परत येत आहोत’ ही ओळ, आणि त्या दृश्यात सगळे माइक बंद. एक कळ दाबली की तेच दिसते. मुले समोर आली, कोणी आजारी माणूस आणला, शिबिरात कोणी बाई डॉक्टरांना आपली तक्रार सांगू लागली की ती कळ. शिवाय प्रक्षेपण वीस सेकंद उशिरा जाते अशी व्यवस्था ठेवली आहे. यात एक बारकावा आहे : उशीर लावला की दृश्य बदललेलेही वीस सेकंदांनीच दिसते, तोवर नको ते चित्र वाटेवर असते. तेव्हा खरोखर काही अडचणीचे घडले तर दृश्य बदलून भागत नाही. प्रक्षेपण थांबवताना ‘वाटेतला भाग टाकून द्या’ हा पर्याय निवडावा लागतो. मग ती वीस सेकंदे कोणापर्यंत पोचत नाहीत.

लिंकबद्दलही सांगायला हवे. आपण पाठवतो ती लिंक शोधून सापडत नाही, पण ज्याच्याकडे ती आहे त्याला उघडते. म्हणजे दार लोटलेले आहे, कुलूप लावलेले नाही. कार्यक्रम संपल्यावर चित्रफीत वाहिनीवर आपोआप राहते. ती आम्ही त्याच रात्री खासगी करतो. कोणाला ‘काल राहिले, आज बघू’ म्हणून लिंक उघडून काही दिसले नाही, तर ते त्यामुळे.

आणि परवानगी. उद्यानाच्या हद्दीत वनखात्याची लागतेच, ड्रोनचे नावही काढू नये. पण पाड्याची परवानगी म्हणजे सही घेतलेला कागद नव्हे. आम्ही आदल्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन जातो, अंगणात कॅमेरा लावतो आणि पडद्यावर काय दिसते ते सगळ्यांना दाखवतो. कोण बघणार, किती जण, कुठे, हे विचारले जाते आणि सांगितले जाते. बायकांनी एकदा सांगितले, नाच दाखवा, चूल दाखवू नका. ज्येष्ठांनी सांगितले, देवाच्या जागेकडे कॅमेरा नको. दोन्ही ऐकले. गळके छप्पर आणि उघडी मुले दाखवली की मदत लवकर जमते, हे मला ठाऊक आहे. आमच्या पिशवीतून ते दाखवले जाणार नाही, मग पावतीपुस्तक थोडे सावकाश भरले तरी चालेल.

नाचाचे मात्र जरूर पाहा. तारपा वाजवणारा मध्ये, आणि त्याच्याभोवती हात गुंफलेली साखळी. तारप्याला पाठ दाखवायची नाही असा रिवाज, त्यामुळे तो वळेल तशी साखळी वळते. जमिनीवरून कॅमेरा लावला तर नुसत्या पाठी दिसतात. ट्रायपॉड चौथऱ्यावर किंवा एखाद्या घराच्या ओट्यावर उंच चढवला की ते वेटोळे उलगडते, अगदी २०११ मध्ये पद्मश्री मिळालेल्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत दिसते तसे. एचडीएमआयची साधी तार आठ-दहा मीटरच्या पुढे दगा देते, म्हणून लॅपटॉपही त्याच ओट्यावर. मी तिथेच बसलेला असतो, कानाला हेडफोन लावून.

बघणाऱ्यांसाठी दोन विनंत्या. मोबाइल आडवा धरा आणि आवाज मोबाइलच्या स्पीकरवर न ऐकता कानात किंवा टीव्हीवर ऐका, तारप्याचे खालचे सूर छोट्या स्पीकरवर येत नाहीत. आणि पडद्याचे रेकॉर्डिंग करून कुटुंबाच्या गटात टाकू नका, कितीही चांगल्या हेतूने असले तरी. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी मुलुंड आणि बोरिवलीच्या सभागृहांत पडदा लावायचा विचार आहे; प्रोजेक्टर कोणाकडे पडून असेल तर कार्यालयात कळवा. एचडीएमआयचा असावा.